पॅड सॅम्पलर आणि कीबोर्ड कंट्रोलर

पॅड सॅम्पलर आणि कीबोर्ड कंट्रोलर ही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठेका रचण्यासाठी वापरली जाणारी दोन प्रकारची साधने होत. पॅड सॅम्पलरमध्ये ध्वनिमुद्रित तुकडे साठवलेले असतात आणि रबरी चौकोनांवर आघात करून ते वाजवले जातात. कीबोर्ड कंट्रोलरला पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. मात्र त्याचा स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी केव्हा व किती जोराने दाबली गेली, एवढाच संदेश तो संगणकाला किंवा दुसऱ्या वाद्याला पाठवतो. दोन्ही साधनांनी एकच ठेका रचता येतो. तरीही ध्वनी कोठे साठवलेला आहे आणि वादकाचा हात कशाला सरावलेला आहे, या दोन बाबींमुळे त्यांचे उपयोग वेगळे होतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी व तिच्या आसपासच्या गावांत हळदी, वराती आणि गणेशोत्सवात वाजणाऱ्या बँजो पार्ट्यांच्या परंपरेत हा फरक स्पष्टपणे दिसतो.

## संज्ञा

मूळ ध्वनीचा मुद्रित केलेला छोटा तुकडा म्हणजे *सॅम्पल* किंवा *नमुना*. नमुने मुद्रित करणारे, कापणारे आणि हवे तेव्हा वाजवणारे यंत्र म्हणजे *सॅम्पलर*. स्वतः ध्वनी निर्माण न करता इतर यंत्रांना संदेश देणाऱ्या साधनास *कंट्रोलर* म्हणतात.

बोलीभाषेत या संज्ञा बऱ्याचदा एकमेकींत मिसळतात. पट्ट्या असलेल्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक वाद्यास महाराष्ट्रात सर्रास ‘कॅसिओ’ म्हटले जाते, तर काठीने वाजवायच्या कोणत्याही पॅडला ‘ऑक्टोपॅड’. वस्तुतः ही दोन्ही विशिष्ट कंपन्यांची व उत्पादनांची नावे आहेत. खरेदीपूर्वी पुढील चार प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक ठरते.

* पॅड सॅम्पलर – ध्वनी यंत्रातच असतो, संगणकाविना वाजतो.
* पॅड कंट्रोलर – दिसायला सॅम्पलरसारखाच, परंतु आवाज नसलेला. संगणक किंवा अन्य ध्वनियंत्र लागते.
* कीबोर्ड कंट्रोलर – पट्ट्या आहेत, आवाज नाही. संगणक, मोबाइल किंवा ध्वनियंत्र लागते.
* अरेंजर कीबोर्ड – पट्ट्या आहेत आणि आवाजही आहे; तयार ठेके व वाद्यांचे ध्वनी आत भरलेले असतात.

कार्यक्रमांच्या मंचावर दिसणारा कीबोर्ड बहुधा चौथ्या प्रकारचा असतो. तो पाहून तिसऱ्या प्रकारचे यंत्र विकत घेणाऱ्यास घरी आल्यावर त्यातून काहीच ऐकू येत नाही. यंत्र नादुरुस्त नसते. त्याचे कामच वेगळे असते.

## इतिहास

### जागतिक

१९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेले फेअरलाइट सीएमआय हे पट्ट्यांनी वाजवायचे आरंभीचे डिजिटल सॅम्पलिंग यंत्र होय. १९८० मध्ये अमेरिकन अभियंता रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणारे एलएम-१ हे तालयंत्र आणले. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-८०८ बाजारात आले. त्याचे ध्वनी मात्र नमुन्यांचे नसून विद्युत मंडलांतून निर्माण केलेले होते.

१९८३ साली *मिडी* ही सामायिक संदेशप्रणाली प्रचारात आली. त्यामुळे एका कंपनीच्या पट्ट्यांनी दुसऱ्या कंपनीचे यंत्र वाजवणे शक्य झाले आणि ‘आवाज नसलेले वाद्य’ या कल्पनेस व्यावहारिक अर्थ आला. रोलँडने १९८५ मध्ये आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला, म्हणजे पॅड-८ ला, आठ पॅड होते. पण स्वतःचा आवाज नव्हता. आज स्वयंपूर्ण तालवाद्य म्हणून ओळखले जाणारे हे नाव मुळात एका कंट्रोलरचे होते.

१९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या यंत्रात एकूण सुमारे १० सेकंदांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. या मर्यादेमुळे वादकांना नेमका उपयोगी तुकडा निवडण्याची शिस्त लागली. १९८८ मध्ये अकाई कंपनीने रॉजर लिन यांच्या सहकार्याने एमपीसी-६० आणले. त्यावरील चार ओळी व चार स्तंभांत मांडलेले १६ पॅड ही रचना पुढे या प्रकारच्या यंत्रांची ओळख ठरली. हिप-हॉप संगीताच्या घडणीत या यंत्रांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन संगीतकार जे डिला यांनी वापरलेले एमपीसी यंत्र वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे.

### मुंबई

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीत ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जाच्या आवर्तनांसाठी टीबी-३०३ आणि रागांच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा पट्ट्यांचा सिंथेसायझर वापरलेला आहे. ताल एका यंत्राकडे आणि सूर दुसऱ्याकडे, ही कामाची विभागणी येथे आधीच दिसते.

## रचना व कार्य

पॅडच्या रबराखाली दाब मोजणारा संवेदक असतो. आघात जितका जोरकस, तितका मोठा आकडा तो नोंदवतो. कीबोर्डमध्ये सामान्यतः प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोहोचली यावरून आघाताचा वेग काढला जातो. दोन्ही ठिकाणी हा जोर १ ते १२७ या आकड्यांत व्यक्त होतो आणि स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात. ठेका रचणाऱ्या आज्ञावलीच्या दृष्टीने पॅडवरील थाप व पट्टीवरील दाब यांत काहीच भेद नाही. भेद आहे तो वादकाच्या हाताला जाणवणाऱ्या स्पर्शात.

पॅड सॅम्पलरमध्ये नमुन्यांची साठवण यंत्रातच होते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक सेकंदास ४४,१०० नोंदी असतात आणि एका मिनिटाच्या स्टिरिओ मुद्रणास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. ढोलकीची एक थाप सेकंदभरातच विरते. त्यामुळे थोड्या जागेतही शेकडो थापा मावतात.

अनेक यंत्रांत *सीक्वेन्सर* असतो. तो आवर्तनाचे समान भाग पाडून कोणत्या भागावर कोणता ध्वनी वाजेल हे लक्षात ठेवतो. डॉबी किंवा जॅकार्ड मागावर कोणता ताणा केव्हा उचलायचा हे नक्षीच्या साखळीने किंवा छिद्रित पत्र्यांनी ठरते आणि साखळी फिरली की नक्षी पुन्हा उमटते. सीक्वेन्सरचे कार्य त्याच तत्त्वावर चालते.

## तुलना

### तालाच्या दृष्टीने

थापेचे वजन, दोन हातांची चढाओढ आणि जलद तिहाई या गोष्टी पॅडवर सहज साधतात. प्रत्येक ध्वनीची जागा ठरलेली असल्याने वादक न पाहता वाजवू शकतो. कीबोर्डवरही ड्रमचे ध्वनी मांडता येतात. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ संकेतानुसार तालवाद्यांसाठी दहावी वाहिनी राखीव असून ३६ क्रमांकावर खर्जाचा ड्रम व ३८ वर स्नेअर असतो. तथापि शेजारशेजारच्या अरुंद पट्ट्यांवर एकाच ध्वनीचे जलद आघात करणे अवघड जाते.

तबल्यातील डग्ग्याचा खुला ‘गे’ गुंजत असताना बंद ‘के’ वाजला, तर आधीची गुंज थांबली पाहिजे. सॅम्पलरमध्ये असे दोन ध्वनी एका *म्यूट गटात* ठेवले की दुसरा पहिल्यास आपोआप तोडतो. ही सोय संगणकातील आज्ञावलींतही मिळते. कीबोर्ड वापरणाऱ्यास ती तेथे जुळवावी लागते.

### सुराच्या दृष्टीने

कीबोर्डवर स्वरांचा क्रम डोळ्यांसमोर असतो. २५ पट्ट्यांच्या कंट्रोलरवर दोन सप्तके आणि वरचा एक षड्ज मावतो. त्याहून वरच्या-खालच्या स्वरांसाठी सप्तक बदलण्याचे बटण असते. भजनात पेटी वाजवणाऱ्यास ही मांडणी परिचित असते. पॅडवर १६ स्वर मांडता येतात, पण चाल बांधण्यासाठी ती मांडणी नव्याने शिकावी लागते.

भारतीय तालवाद्यांचा एक गुण येथे पट्ट्यांच्या बाजूने जातो. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवले की नाद चढतो. या मिंडेशिवाय तबला यांत्रिक वाटतो. बहुतेक कीबोर्ड कंट्रोलरांना स्वर वर-खाली वाकवणारे चाक किंवा दांडी असते. उजव्या हाताने थाप व डाव्या हाताने चाक फिरवून ही मींड काढता येते. साध्या पॅड सॅम्पलरमध्ये बहुधा मिंडेसह मुद्रित केलेला वेगळा नमुनाच ठेवावा लागतो.

### लय आणि जाळी

बहुतेक यंत्रे सुरू करताच चार मात्रांचे आणि १६ भागांचे आवर्तन समोर ठेवतात. पाश्चात्त्य नृत्यसंगीतास ते सोयीचे आहे. कोळीगीतांचा परिचित ठेका मात्र सहा मात्रांच्या, दादऱ्याच्या अंगाने चालतो. तो १६ भागांच्या जाळीत बसवला की त्याचा झोका नाहीसा होतो. अशा वेळी मात्रेचे तीन भाग पाडणारी जाळी निवडावी लागते. *स्विंग* हा गुणधर्म ५० टक्क्यांवर असता दोन भाग समान राहतात. ६६ टक्क्यांच्या आसपास पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट होतो. चुकीच्या जाळीत पॅड आणि पट्ट्या दोन्ही सारख्याच बेसूर ठरतात. दोष साधनाचा नसतो.

### विलंब

कंट्रोलर संगणकास जोडला असता आघात व ध्वनी यांत काही अंतर पडते. केबलवरील मिडी संदेशास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. मुख्य विलंब संगणकाच्या ध्वनिप्रक्रियेत होतो. ४४,१०० च्या दराने २५६ नोंदींचा साठा ठेवला तर सुमारे ५.८ आणि ५१२ नोंदींचा ठेवला तर सुमारे ११.६ मिलिसेकंदांची भर पडते. चाल रचताना हे अंतर फारसे जाणवत नाही. जलद थापा वाजवताना मात्र हात अडखळतो. ब्लूटूथ हेडफोनमुळे हा विलंब आणखी वाढत असल्याने वादनासाठी तारेचा हेडफोनच वापरतात. स्वयंपूर्ण पॅड सॅम्पलरमध्ये ही अडचण सहसा येत नाही.

## भिवंडी परिसरातील वापर

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. शहरात मराठीबरोबरच उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारे कामगार आणि विणकर राहतात; भोवतालच्या गावांत आगरी समाजाची मोठी वस्ती आहे. आगरी-कोळी लग्नांतील हळद हा ठाणे व रायगड जिल्ह्यांतील बँजो पार्ट्यांच्या उपजीविकेचा प्रमुख आधार होय.

या पार्ट्यांना नाव देणारा ‘बँजो’ हा पाश्चात्त्य बँजो नसून विद्युत ध्वनिवर्धनाची जोड दिलेला बुलबुल तरंग असतो. त्याचे मूळ १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारेची लांबी बदलायची व दुसऱ्या हाताने तार छेडायची, अशी त्याची वादनरीत. कव्वालीच्या साथीतही हे वाद्य वापरले जाते. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटात मुंबईतील अशा वादकांचे जीवन चित्रित झाले आहे.

बँजो पार्टीत सुरावट कळांच्या वाद्याकडे आणि ठेका आघाताच्या वाद्यांकडे असतो. बँजोच्या जोडीला अरेंजर कीबोर्ड आला. ढोल, ताशा व ड्रम यांच्या जोडीला ऑक्टोपॅड आला. त्यामुळे पॅड की पट्ट्या हा प्रश्न येथे नव्या यंत्रांसोबत आलेला नाही. वादकांची विभागणी आधीच त्या दोन बाजूंत झालेली होती.

फिरत्या मंचावर ध्वनी यंत्रातच असणे महत्त्वाचे ठरते. टेम्पोवर वाद्ये हादरतात, वीज जनरेटरवरून येते, आणि एका गाण्यावरून दुसऱ्यावर क्षणात जावे लागते. अशा ठिकाणी संगणक बंद पडल्यास त्याला जोडलेला कंट्रोलर मुका होतो आणि वरात थांबते. म्हणून मंचावर काठीने वाजवायचे स्वयंपूर्ण पॅड व अरेंजर कीबोर्ड टिकून आहेत. रोलँडच्या एसपीडी-एसएक्स या नऊ पॅडच्या यंत्रात वादकास स्वतःचे नमुने भरता येतात. त्यामुळे ऑक्टोपॅडची वादनरीत न सोडता सॅम्पलर हाताशी येतो. एमपीसीसारख्या यंत्रांचे पॅड मात्र बोटांसाठी असतात; त्यांवर काठी मारल्यास संवेदक निकामी होऊ शकतात.

घरातील रचनेची गरज निराळी असते. दाट वस्तीत मोठा आवाज करता येत नाही, वेळ मात्र मिळतो. हेडफोन लावून संगणकावर थर चढवत जाणाऱ्यास छोटा कीबोर्ड कंट्रोलर पुरतो. यातून हळदीच्या मंचावर पॅड वाजवणारा वादकच घरी पट्ट्यांवर चाल बांधत असल्याचे दिसू शकते.

सॅम्पलरचे खरे सामर्थ्य तयार ध्वनींच्या संग्रहात जे नसते ते मुद्रित करण्यात आहे. धोट्याच्या मागावर मिनिटास शंभराहून अधिक ठोके पडतात. त्यांतील एक ठोका मुद्रित करून तो ठेक्याचा पाया करता येतो. स्थानिक ढोलकीवादकाची थाप, संबळ किंवा हलगी यांचे नमुनेही असेच घेता येतात. सर्वत्र मिळणाऱ्या त्याच तयार ध्वनींवर अवलंबून राहिल्यास भिवंडीत रचलेला ठेका आणि अन्य कोठेही रचलेला ठेका यांत फरक उरत नाही. संगणकास मायक्रोफोन जोडून कीबोर्ड वापरणाऱ्यासही हे करता येते. पॅड सॅम्पलरमध्ये मुद्रण, काटछाट व वादन एकाच जागी होते एवढाच फरक.

## निवडीचे निकष

सामान्यतः पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

* हाताचा सराव – ढोलकी, तबला किंवा ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यास पॅड, तर पेटी किंवा बँजो वाजवणाऱ्यास पट्ट्या जवळच्या वाटतात. साधन बदलल्यास आधीचा सराव पूर्णपणे कामी येत नाही.
* संगणकाची उपलब्धता – चांगला संगणक आधीच असेल तर कंट्रोलर स्वस्त पडतो. नसेल तर संगणक, आज्ञावली व ऑडिओ इंटरफेस यांची किंमत मिळवूनच तुलना करावी लागते. काही कंट्रोलर मोबाइलला जोडता येतात. मात्र विलंब प्रत्येक मोबाइलमध्ये वेगळा असतो.
* मंच की खोली – प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी स्वयंपूर्ण यंत्र विश्वसनीय असते. गाणे पूर्ण रचून त्याचे मिश्रण करण्यासाठी संगणकाचा मोठा पडदा सोयीचा असतो.
* रचनेचे स्वरूप – केवळ ठेका व कापलेले तुकडे हवे असल्यास पॅड. चाल, खर्ज व स्वरसंगती स्वतः बांधायची असल्यास पट्ट्या.
* वीज – बहुतेक कंट्रोलर संगणकाच्या यूएसबीवरच चालतात. रोलँड एसपी-४०४ पेन्सिल सेलवर चालतो, तर अकाई एमपीसी लाइव्हमध्ये बॅटरी अंतर्भूत आहे.
* दुरुस्ती – जुने यंत्र घेताना प्रत्येक पॅड हलक्या व जड आघाताने, आणि प्रत्येक पट्टी सावकाश व जलद दाबून पाहतात. एखादा पॅड फक्त जोरानेच वाजत असल्यास त्याचा संवेदक झिजलेला असू शकतो.

दोहोंचा संयोग असलेली साधनेही आहेत. अकाईच्या एमपीके मिनीवर २५ पट्ट्या व ८ पॅड असतात. शिकाऊ व्यक्तीस आपला कल कोणत्या बाजूस आहे हे अशा साधनावर कळू शकते. परंतु तोही कंट्रोलरच असल्याने त्यास संगणक लागतोच, आणि त्याचे छोटे पॅड मंचावरील काठीच्या वादनास उपयोगी नाहीत.

## कायदेशीर बाजू

भारतात *कॉपीराइट अधिनियम, १९५७* नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. धार्मिक विधी, लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित समारंभ यांत गीत वाजवण्यास कलम ५२ मध्ये अपवाद दिलेला आहे. हा अपवाद समारंभातील सादरीकरणापुरता आहे. त्याच गीताचा तुकडा कापून नव्या रचनेत घालणे व ती प्रकाशित करणे त्यात येत नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते.

सादरकर्त्या कलावंतासही स्वतंत्र हक्क असून तो ५० वर्षांचा आहे. आगरी लग्नांत धवलारीण पारंपरिक धवळे गाते. ही गीते परंपरेची असली, तरी मुद्रित झालेला आवाज तिचा असतो. मोबाइलवर घेतलेले असे मुद्रण ठेक्यात गुंफून प्रसारित करण्यापूर्वी तिची संमती घेणे आणि श्रेयनामावलीत तिचे नाव देणे आवश्यक आहे. सॅम्पलरमुळे कोणताही आवाज काही क्षणांत हाती येतो. त्यामुळे या प्रश्नाचे गांभीर्य वाढले आहे.

*ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००* नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्ये ध्वनिवर्धकावरच अवलंबून असल्याने मंचावरील दोन्ही प्रकारच्या साधनांना हे नियम सारखेच लागू होतात.

## हेही पाहा

* बुलबुल तरंग
* ढोलकी
* मिडी
* आगरी
* भिवंडी